दोन सूत

बाथरूमचं दार चोवीस इंच,
खुर्ची सव्वा चोवीस.
म्हणजे दोन सूत कमी,
असं अप्पांच्याच टेपनं मोजून
अप्पांच्याच भाषेत म्हणाले मी
आणि टेप सटकन आत गेली, बोट कापून.

बत्तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावर फिटर.
इंच म्हणजे त्यांच्या लेखी ढोबळ माणसाचं माप.
सूत बोल, म्हणायचे. सूत.
आता बोलत नाहीत.
म्हणजे बोलतात, पण एकच शब्द, "नको",
आणि तो हो म्हणायलाही तोच.

डिस्चार्ज सोमवारी. आज गुरुवार.

कोपरखैरण्याच्या नाक्यावरून इराप्पाला आणलं.
त्यानं भिंत ठोकली, कान लावला,
म्हणाला, "चौकट काढतो ताई, पण भेग राहील."
राहू दे, म्हटलं.

उंबऱ्यापाशी मात्र आई आडवी आली.
काळा दगड, तुर्भ्याहून
अप्पांनी सायकलच्या कॅरियरला बांधून आणलेला,
सिडकोनं चावी दिली त्याच आठवड्यात.
एका कोपऱ्याचा टवका तेव्हाच उडालेला.
"लक्ष्मीनं पाऊल कशावर ठेवायचं?"
छिन्नी हातात घेऊन इराप्पा थांबला.
मीही थांबले.
मग तिनंच हळदकुंकू आणलं, वाहिलं,
क्षणभर टेकली हात,
आणि म्हणाली, "काढ.
पण फोडू नकोस."

अख्खा निघाला.
आता मागे, मोरीजवळ आहे.
आई त्यावर बसून मेथी निवडते.

पलंग वाशीहून, भाड्याचा.
कठड्यावर मार्करनं लिहिलेलं : जोगळेकर.
कोण होते, परत का आला पलंग,
दुकानदाराला विचारलं नाही.
आईनं तारेनं घासलं, लिंबानं घासलं.
जोगळे गेलं,
कर राहिलं.
येताजाता तेवढंच दिसतं : कर. कर.

शनिवारी खुर्ची आली.
"बघू तरी," म्हणून आईच बसली.
मी ढकलत गिरणीपर्यंत नेली तिला,
सगळी गल्ली बघायला दारात.
सायरामावशी वरून ओरडल्या,
"काय वहिनी, एकट्याच वरातीला?"
आई हसली.
एकवीस दिवसांत पहिल्यांदा, तोंडावर पदर घेऊन.
परतताना म्हणाली,
"डावं चाक ओढतंय. तेल घाल."

रात्री मी त्या पलंगावर आडवी झाले,
उजवा हात पाठीखाली दाबून,
तो नाहीच असं समजून.
तिथून काय दिसतं?
पंखा. ट्यूबच्या पट्टीत दोन मेलेले किडे.
कॅलेंडरची नुसती कड.
पाण्याचा तांब्या हाताच्या चार बोटं पलीकडे,
म्हणजे पलीकडेच.
उठून स्टूल सरकवलं, किडे झाडले,
कॅलेंडर समोरच्या भिंतीवर नेलं.
मग अंगणातल्या सायकलची घंटी काढली.
नट गंजलेला, पाऊण तास गेला,
अप्पा असते तर, असं मनात आलं
आणि घाबरून पाना हातातून सुटला.
अप्पा आहेत.
घंटी डाव्या कठड्याला लावली.
वाजवून पाहिली, हळू,
तरी आतून आईचा आवाज : "आले!"

सोमवारी दुपारी आले.
गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून दारापर्यंत,
भाचा पुढे, मी मागे.
दारात भाच्यानं पाय उचलला,
उंबरा होता तिथे.
मागून आईनं उचलला.
मीही उचललाच असणार,
नाहीतर ठेचकाळले नसते.

चाकं मात्र सरळ आत गेली.
फक्त पायटीवरचा अप्पांचा डावा पाय
त्या जागेवर
वर झाला.
किती, ते मोजलं नाही.
दोन सूत असेल.